उन्हात फिरायची तयारी आहे, पण ऐकून कोण घेणार?

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पत्रांच्या पानावर एका काकांचं पत्र आलं होतं. आजकालच्या एमबीएच्या पोरापोरींना इंटर्नशिप म्हटलं की एसी ऑफिस, लॅपटॉप आणि कॉफी मशीन लागतं, उन्हात फिरायला नको, असं त्यांचं म्हणणं. सोबत त्यांनी निरमाच्या करसनभाई पटेलांचं उदाहरण दिलं होतं, की त्या माणसाने १९६९ साली सायकलवरून घरोघर पावडर विकली तेव्हा कुठे पुढे एवढा पसारा उभा राहिला. काका, उदाहरण चांगलंय, आमच्या वर्गातही ते शिकवतात, पण तुम्ही त्यातलं अर्धंच सांगितलंत. उरलेलं अर्धं मी सांगते, त्याआधी माझं काय झालं ते ऐका. पत्र लांबणार आहे, संपादकांनी खुशाल कात्री लावावी, फक्त धुण्याची पावडर आणि साबणाची वडी यांचा भाग तेवढा ठेवावा ही विनंती.

मी पुण्यात एमबीए करते, मार्केटिंग घेतलंय. आमच्याकडे दुसरं सेमिस्टर संपलं की समर इंटर्नशिप प्रोजेक्ट असतो, सगळे त्याला एसआयपीच म्हणतात, कमीत कमी आठ आठवडे कंपनीत काम करायचं, मग रिपोर्ट लिहून बाइंडिंग करायचं आणि त्याच्यावर व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा द्यायची. ज्यांना कंपनी मिळत नाही ते काय करतात हे सगळ्यांना माहितीये, ओळखीतल्या कुणाच्या तरी फर्मचं लेटरहेड आणि शिक्का मारून मोकळे. आणि बऱ्याच जणांच्या वाट्याला शेअर ब्रोकर नाहीतर इन्शुरन्सवाले येतात, नाव मार्केटिंग इंटर्न आणि काम काय, तर मामा, आत्या, शेजारच्या काकू यांची डिमॅट खाती उघडा आणि पॉलिसी त्यांच्या गळ्यात मारा. नातेवाईक संपले की इंटर्नशिप संपली. त्यामुळे मला जेव्हा साबण, शाम्पू, धुण्याची पावडर असलं सगळं बनवणाऱ्या एका बड्या कंपनीत मिळाली तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले. नाव सांगत नाही, तुमच्या मोरीत डोकावलात तर तिचं काहीतरी सापडेलच. लेटरवर झोकात लिहिलेलं, 'ब्रँड ॲक्टिव्हेशन आणि रूरल कन्झ्युमर इनसाइट', म्हणजे लोकांत जाऊन ब्रँडचा प्रचार करायचा आणि खेड्यातल्या गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे ते समजून घ्यायचं. पोस्टिंग अकलूज.

पहिल्या दिवशी एरिया मॅनेजर सरांनी डिस्ट्रीब्युटरच्या गोडाऊनवर बोलावलं, एक टी-शर्ट आणि एक टोपी दिली, फोनमध्ये ॲप टाकून दिलं आणि म्हणाले, आधी बीट कर. बीट म्हणजे सेल्समनचा ठरलेला रस्ता, सोमवारी या गल्ल्या, मंगळवारी ती गावं, असा आठवडाभराचा. आमचे सेल्समन दादा कंपनीचा टी-शर्ट घालतात पण ते कंपनीचे नाहीतच, ते डिस्ट्रीब्युटरचे, पगार शेठ देणार आणि टार्गेट कंपनी देणार, हे मला दोन सेमिस्टरमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना रोज इतकी दुकानं करायची, त्यातल्या इतक्या दुकानांत बिल झालंच पाहिजे, आणि नुसतं बिल नाही, बिलात लाइनी वाढल्या पाहिजेत, म्हणजे एकाच दुकानात जास्तीत जास्त वेगवेगळे आयटम. दुकानदाराला पाहिजे असते शाम्पूच्या पुड्यांची माळ, दादा हातापाया पडून त्याच्याबरोबर टूथपेस्टचे दोन पीस पण टाकतात, कारण लाइन वाढते. ती टूथपेस्ट पुढच्या आठवड्यात तशीच, त्याच्या पुढच्या आठवड्यात पण तशीच, मग दुकानदार वैतागतो आणि दादा म्हणतात, राहू दे हो शेठ, बघू डॅमेजमध्ये, म्हणजे खराब माल दाखवून परत घेऊ. महिनाअखेरीला टार्गेट भरत नसलं की उरलेला माल होलसेलवाल्याकडे ढकलायचा, ॲपमध्ये आकडा हिरवा होतो, माल मात्र गोडाऊनमधून उठून दुसऱ्या गोडाऊनमध्ये जाऊन बसतो.

ऊन होतं ना, सोलापूर जिल्ह्यातलं ऊन काय असतं ते मी काकांना सांगायला नको. दादांच्या स्प्लेंडरवर मागे बसून सगळी गावं केली, त्याची काही तक्रार नाही, उलट शिकले ते तिथेच.

आता माझं मार्केटिंगचं काम बघा. दुकानात पोस्टर लावायचं, छताला डँगलर, म्हणजे लटकती जाहिरात, टांगायचा, त्याचा फोटो काढून लोकेशनसकट ॲपमध्ये टाकायचा. एका दुकानात परत गेले तर माझं पोस्टर भिंतीवर नाही, काउंटरवर पालथं पडलेलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दुकानदाराने उधारीची यादी लिहिलेली, सुंदर अक्षरात, तारीखवार. कागद जाड असतो, त्यांना बरा पडतो. ॲपमध्ये मात्र त्या दुकानासमोर हिरवी टिक होती ती होतीच, कारण ॲपला फक्त लावल्याचा फोटो पाहिजे असतो, पुढे त्याचं काय झालं हे विचारणारा रकानाच नाही.

दुसरं काम सर्व्हे. धुण्याची पावडर म्हटलं की तुमच्या मनात पहिलं नाव कुठलं येतं, असा प्रश्न. बायका नाव सांगतच नाहीत, रंग सांगतात. ती निळी. ती हिरवी, मोठ्या पुडीची. आमच्या नणंदबाई आणतात ती. दुकानात पण असंच, एक निळी द्या, आणि दुकानदार स्वतःला ज्यात चार पैसे सुटतात ती निळी काढून देतो, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या निळ्या शेजारी शेजारी लटकत असतात. मला वाटलं ही तर सोन्यासारखी माहिती आहे, म्हणजे गावात ब्रँड कोण निवडतंय तर गिऱ्हाईक नाही, दुकानदार निवडतोय. सरांना सांगितलं. सर म्हणाले, ॲपमध्ये रंगाचा ऑप्शन नाहीये, तू चार नावं वाचून दाखव आणि मग विचार. नावं वाचून दाखवल्यावर आपलं नाव कोण नाही म्हणणार? समोर टी-शर्टवर तेच छापलेलं. आकडा मस्त आला.

एक गोष्ट मुलींनी लिहायची असते ती लिहून टाकते. दिवसभर बाहेर, बाजारपेठेत बायकांसाठी धड टॉयलेट नाही, एसटी स्टँडवरचं आहे ते वापरण्यासारखं नाही, म्हणून सकाळपासून पाणी कमी प्यायचं आणि ते पण त्या उन्हात. डिस्ट्रीब्युटर शेठच्या घरच्या काकूंना कळलं तेव्हा त्यांनी सांगितलं की दुपारी कुठेही असलीस तरी इकडे येऊन जा, आणि दादा काही न बोलता बीटचा रस्ता तसा फिरवायला लागले. कंपनीने काय केलं तर जॉइन झाल्यावर एक पॉशचा, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचा, व्हिडिओ बघायला लावला आणि खाली टिक करायला लावलं. तो कायदा २०१३ चा आहे आणि त्यात ट्रेनी, अप्रेंटिस यांना पण एम्प्लॉयी धरलंय, हे मला नंतर स्वतः वाचून कळलं. तक्रार आली तर कुणाकडे जायचं, सोलापूर ऑफिसला की मुंबईला, हे व्हिडिओत पण नव्हतं. सुदैवाने माझ्यावर ती वेळ आली नाही.

मग वारी आली, आणि जे काय सांगायचंय ते खरं इथे आहे. माळशिरस तालुक्याचं नशीब असं की दोन्ही मोठ्या पालख्या इथूनच जातात, माउलींची नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत आणि तुकोबांची सराटीला नीरा ओलांडून अकलूजला. लाखो माणसं, आणि तीही खेड्यापाड्यातली, म्हणजे ज्यांच्यापर्यंत पोचायला कंपन्यांना एरवी गाव न गाव पालथं घालावं लागतं ती सगळी एकाच रस्त्याने चालत येणार. कुठल्या मार्केटिंगवाल्याला राहवेल? वर्गात आम्हाला २०१३ च्या अलाहाबाद कुंभमेळ्यातली लाइफबॉयची केस शिकवली होती, ढाब्यांच्या गरम रोट्यांवर 'लाइफबॉय से हाथ धोए क्या' असा शिक्का भाजून उमटवला होता, पंचवीसेक लाख रोट्या. साधी गोष्ट, पण कुणीतरी आधी तिथे बसून बघितलं असणार की माणूस रोटी हाताने तोडतो, आणि हात धुवायची आठवण करून द्यायची तर ती नेमकी त्या क्षणाला. मी म्हटलं चला, आता आपण असलं काहीतरी करणार.

आमचं काय होतं तर मुंबईच्या एजन्सीने पाठवलेला तंबू, दहा रुपयेवाल्या पावडरीच्या पुड्या फुकट वाटायला, आणि एक सेल्फी पॉइंट. सेल्फी पॉइंटवर मागे देवळाचं चित्र आणि खाली एक वीट. कल्पना अशी की वारकऱ्याने विटेवर उभं राहायचं, कमरेवर हात ठेवायचे आणि फोटो काढायचा. हे ज्याने कुणी ठरवलं त्याने आयुष्यात एक तरी वारकरी बघितला होता का हो? पहिल्या आजोबांना मी म्हटलं माउली, या, विटेवर उभे राहा, तर ते दोन पावलं मागेच सरकले. 'विटेवर? मी? नगं गं माय.' त्यांनी वाकून विटेला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मागच्यांनी ते बघितलं आणि मग रांगच लागली, जो येईल तो विटेच्या पाया पडतोय. संध्याकाळपर्यंत विटेवर बुक्का, तुळशीची पानं आणि सुटे पैसे. एजन्सीचा मुलगा घाबरला, पैसे उचलायचे का नाही, म्हणून ते शेवटी एका दिंडीच्या विणेकऱ्यांकडे दिले. रिपोर्टमध्ये त्या सेल्फी पॉइंटपुढे लिहिलं गेलं, 'हाय एंगेजमेंट'. म्हणजे खोटं पण नाही म्हणता येत.

पुड्या वाटायला मात्र अट होती, पुडी द्यायची तर मोबाइल नंबर घ्यायचा, त्यावर ओटीपी आला की तो ॲपमध्ये टाकायचा, तर ती एक पुडी मोजली जाणार. साठी-सत्तरीच्या बायका, अर्ध्याअधिकांकडे फोन नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांचा दिंडीच्या ट्रकमध्ये पिशवीच्या तळाशी, आणि वारीच्या गर्दीत नेटवर्क म्हणजे विचारूच नका. मग पोरं काय करतात, एकाच दिंडीतल्या एकाच तरुणाचा, त्याच्या भावाचा, घरी असलेल्या बायकोचा, असे नंबर घेऊन आकडा भरतात. आणि कशासाठी नंबर घेतोय हे इंग्रजीत, स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने, माहिती देऊन आणि ठरावीक कारणासाठी घेतलेली पाहिजे असं आहे, आणि ती सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत वाचायची सोय पण द्यायची आहे, म्हणजे मराठीत. त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने होणार म्हणतात, पण वारीच्या रस्त्यावर मराठीत चार ओळी लिहायला कायद्याची वाट कशाला बघायची? मी हे ग्रुपवर टाकलं तेव्हा उत्तर आलं, फोकस ऑन नंबर्स.

आता ते पावडर आणि वडी. नातेपुत्याला मुक्कामाच्या जागी टँकरपाशी बायका धुणं करत होत्या. पाऊस येऊन गेलेला, चिखल, आणि टँकरला ही रांग. परभणीकडच्या एक आजी, आमची पुडी त्यांनी फोडलेली, लुगडं बादलीत भिजवलेलं, आणि बादलीवर हा एवढा फेस. आजी फेस हाताने काढून बाजूला टाकतायत आणि तो परत येतोय. मला बघून म्हणाल्या, 'लेकरा, वास लई ग्वाड हाय तुमच्या पावडरीला. पण ह्यो फेस निघायला दोन बादल्या पानी लागतंय, आन् मला मिळतीय एक. आता ह्येचा टँकर बी तुमचीच कंपनी पाठवनार का?' बाजूच्या हसल्या. मग त्यांनी कनवटीची पिशवी सोडून दाखवली, आत वडीचा तुकडा, दोऱ्याने कापलेला, आजींच्या म्हणण्याप्रमाणे तेवढ्यात अख्खी वारी होते. पावडर ट्रकमध्ये ओली होते, तिचे गोळे होतात, पुडी एकदा फोडली की ठेवायची कशात, वडीला यातलं काहीच नाही, घासायची, एका पाण्यात काढायची, पिळून ट्रकच्या दोरीवर वाळत टाकायची. कुठल्या प्रोफेसरने इतकं नीट समजावून सांगितलं नसतं.

आणि गंमत अशी की आमचीच कंपनी वडी पण विकते. त्याच गोडाऊनमध्ये, आमच्या पुड्यांच्या बॉक्सला टेकून तिचे बॉक्स होते. मी रात्री सरांना फोन केला की सर, उद्यापासून वडीचे छोटे तुकडे वाटूया, बायका अक्षरशः मागतायत. सर वाईट माणूस नाहीत, त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले मुद्दा बरोबर आहे, पण वडीची ब्रँड टीम वेगळी, तिचं बजेट वेगळं, हे ॲक्टिव्हेशन पावडरीच्या बजेटमधून आहे. पावडरीच्या पैशात वडी वाटली तर माझी वाट लागेल. झालं. वाखरीपर्यंत आम्ही पावडरच वाटली. रस्त्याच्या कडेला चिखलात रुतलेल्या आमच्याच निळ्या पुड्या बघत मी चालत होते, रिकाम्या पण आणि न फोडलेल्या पण, असल्या चकचकीत पुड्या भंगारवाला पण उचलत नाही कारण त्यांना भाव नाही.

मध्ये एक दिवस मुंबईहून एक इंटर्न आला, आयआयएममधला, त्याचा प्रोजेक्ट होता ग्रामीण भागासाठी स्ट्रॅटेजी. इनोव्हातून आला. मुलगा चांगला होता, उगाच नावं ठेवणार नाही, उन्हात पूर्ण दिवस थांबला, वारकऱ्यांबरोबर फुगडी पण खेळला. त्यानेच मला पहिल्यांदा विचारलं की तुला काय दिसलं? मी सगळं सांगितलं, निळीचं, दुकानदाराचं, वडीचं, वहीतली पानं फोटो काढून दिली. त्याचं स्टायपेंड दोन महिन्यांचं लाखांत, माझं महिन्याला आठ हजार, त्यातच खोलीचं भाडं. जळफळाट म्हणून नाही सांगत, परीक्षा देऊन तिथे गेलाय तो. नंतर त्याचा मेसेज आला की त्याच्या प्रेझेंटेशनमध्ये रंगाची स्लाइड सगळ्यात जास्त आवडली, वरच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मला बरंच वाटलं खरं सांगायचं तर, आणि त्याच वेळी प्रश्न पडला की तीच गोष्ट अकलूजहून सोलापूरला, सोलापूरहून पुण्याला अशी का जाऊ शकली नाही? इनोव्हात बसून गेली तरच पोचते काय?

माझा स्वतःचा रिपोर्ट झाला तो असा. त्यात आजींचा फोटो आहे, पुडी हातात धरून हसतानाचा, तो मीच पुड्या वाटायच्या पहिल्या दिवशी काढला होता, त्यांनी विचारलं होतं की हा पंढरपुरात लावणार का, मी म्हटलं नाही, आमच्या कामाला. खाली कॅप्शन, 'समाधानी ग्राहक, सुगंध विशेष आवडला'. सुगंध आवडलाच होता की, आजी म्हणाल्याच होत्या. मी फेसाचा परिच्छेद लिहिला होता तो सरांनी काढायला सांगितला, कारण कंपनीचा शिक्का आणि सही असल्याशिवाय कॉलेज रिपोर्ट घेत नाही, आणि नकारात्मक लिहिलेल्या रिपोर्टवर कंपनी शिक्का देत नाही. कॉलेजच्या गाइड मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, कंपनी म्हणते तसं कर, पुढच्या बॅचला पण तिथेच पाठवायचंय. व्हायवाला एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, विचारलं सॅम्पल साइज किती, कोणती टेस्ट लावली. मी सांगितलं. छान म्हणाले. नातेपुत्याचा 'न' पण कुणी काढला नाही.

तर काका, करसनभाईंचं उरलेलं अर्धं हे आहे. ते सायकलवर फिरत होते हे खरं, पण पावडर बनवणारे तेच आणि विकणारे पण तेच. एखाद्या घरच्या बाईने दारात उभं राहून सांगितलं असेल की फेस जास्त येतो किंवा पुडी फुटते, तर रात्री घरी जाऊन त्यात बदल करायचा अधिकार त्यांच्याच हातात होता. त्यांच्यात आणि गिऱ्हाइकात ना ॲप, ना ब्रँड टीम, ना बजेटची भिंत. आम्हाला तुम्ही सायकल द्या, पायी चालवा, उन्हात उभं करा, आमच्या बॅचची एक पण मुलगी त्याला नाही म्हणाली नाहीये, आमच्यातल्या बहुतेक जणी शेतकऱ्यांच्याच आहेत. पण दारात जे ऐकलं ते न्यायचं कुठे? मार्केटिंग म्हणून आमच्याकडून मोजणी करून घेतात, किती पुड्या, किती नंबर, किती फोटो, आणि ऐकलेलं सगळं रस्त्यातच सांडतं. सेल्समन दादांना हे सगळं माझ्या आधीपासून माहीत होतं, किती वर्षांपासून कोण जाणे, त्यांना तर कुणी विचारलेलंच नाही, कारण ते कागदोपत्री कंपनीचेच नाहीत.

पैशाचं पण एकदा बोलूनच टाकते. केंद्राची पीएम इंटर्नशिप योजना २०२४ च्या बजेटमध्ये आली, तेव्हा महिन्याला ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकदाच ६,००० ठरले, पण ती पूर्णवेळ शिकत असलेल्यांना नव्हती आणि एमबीए झालेल्यांना पण नव्हती. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १०,००० ठरवले, ती पण शिक्षण चालू असणाऱ्यांना नाही. ठीक आहे, त्या योजना बेरोजगारांसाठी आहेत, त्यांनाच मिळाव्यात. पण मग अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जी सक्तीची इंटर्नशिप आहे तिच्यात कंपनीने किमान काय द्यायचं हे कुणीच ठरवलेलं नाही, म्हणून माझ्या वर्गात कुणाला पंधरा हजार, कुणाला शून्य, आणि एकीने तर कंपनीतल्या 'ट्रेनिंग'चे पैसे स्वतः भरले.

माझं मागणं फार मोठं नाही. रिपोर्टवर कंपनीचा शिक्का हजेरीपुरता असू द्या, मजकुरावर नको, मुलीने काय बघितलं ते तिच्या शब्दांत, आणि कंपनीचं काही म्हणणं असेल तर कंपनीने वेगळं पान जोडावं. फिल्डवर पाठवणार असाल तर ऑफर लेटरवर तसं स्वच्छ लिहा, 'इनसाइट' लिहून पुड्या वाटायला लावू नका, आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळा द्या. मुलींच्या लेटरवर तक्रार समितीतल्या माणसाचा फोन नंबर असलाच पाहिजे. आणि व्हायवाला बाहेरून येणाऱ्या सरांनी निदान एक प्रश्न असा विचारावा की कंपनीला माहीत नसलेलं तुला काय कळलं, आणि ते तू कुणाला सांगितलंस, त्याने काय उत्तर दिलं. या प्रश्नाला दहा मार्क ठेवा, मग बघा कॉलेजं कंपन्यांना कसं निवडून घेतात ते. कॉलेजांची कंपन्यांबरोबरची बोलणी साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होतात, म्हणून विद्यापीठातल्या कुणी हे वाचलं तर त्याआधीच काहीतरी करावं, नंतर करून पुढच्या बॅचला उपयोग नाही.

माझं नाव छापू नये, डिग्री अजून हातात यायचीये.

आपली,
एमबीए द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी,
पुणे